लोखंड आधी वाचा, सही शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या शस्त्रांवरच्या पानात एका काळ्या चकतीचे छायाचित्र होते आणि त्याखाली ‘बाराव्या शतकातील सामुराई तलवारीची ढाल’ अशी ओळ होती. ती ढाल नाही आणि बाराव्या शतकातली तर मुळीच नाही. पाते आणि मूठ यांच्या मधे बसणारी ती चकती, जपानीत ‘त्सुबा’. आपल्या तलवारीत परज जे काम करते, साधारण तेच काम ती करते: हात पात्यावर घसरू देत नाही आणि तलवारीचा तोल सांभाळते. चूक एका ओळीची असती तर पत्र लिहिले नसते. पण ‘सामुराईची अस्सल त्सुबा’ म्हणून ऑनलाइन बाजारात वाटेल ते विकले जाते, लोक हौसेने घेतात, आणि काळ ओळखण्याच्या साध्या खुणा मराठीत कुठे सापडत नाहीत. म्हणून थोडे सविस्तर.

आधी तुमच्याच छायाचित्राकडे पाहू, कारण त्यात उत्तर जवळजवळ सगळे आहे. चकतीची जमीन काळी आहे आणि तिच्यावर खसखशीसारखे बारीक उंच ठिपके ओळीने बसले आहेत. याला ‘नानाको’ म्हणजे माशाची अंडी म्हणतात. पोकळ टोकाच्या छिन्नीने एकेक ठिपका ठोकून ही जमीन तयार होते. काळा धातू ‘शाकुदो’ आहे: तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोने घालून केलेला मिश्रधातू. तो मुळात तांब्याच्याच रंगाचा दिसतो. विशिष्ट क्षारांच्या पाण्यात उकळला की वर निळसर काळी झाक धरते. त्यावर सोन्याचे सिंह आणि पिओनीची फुले. मधल्या भोकाच्या दोन्ही अंगांना आणखी दोन भोके आहेत. त्यांतून म्यानाच्या कडेला खोचलेली छोटी सुरी (कोझुका) आणि केस सावरायची सळई (कोगाई) बाहेर काढता येत. धार वर करून कमरेच्या शेल्यात खोचायची तलवार मुरोमाची काळात (१३३६–१५७३) रुळली, आणि दोन भोकांची त्सुबा तिच्याबरोबर आली. शाकुदो, नानाको, सोन्याचे उठाव आणि दोन भोके एकत्र दिसली की मन एदो काळाकडे (१६०३–१८६८) जायला हवे. त्यातही असे नेटके, दरबारी काम म्हणजे गोतो घराण्याची धाटणी. गोतो युजो (१४४०–१५१२) हा मूळ पुरुष. पुढे सतरा पिढ्या हे घराणे राज्यकर्त्यांसाठी तलवारीचा साज घडवत राहिले. तुमच्या चित्रातली चकती खुद्द त्या घराण्याची की मितोसारख्या ठिकाणी त्यांच्या वळणावर केलेली, हे छायाचित्रावरून सांगू नये. पण शतके पाच ते सात पुढे सरकवायला ते पुरेसे आहे.

आता वस्तू हातात असेल तर काय करायचे? दहा पटीचे सराफी भिंग, प्लॅस्टिकचा कॅलिपर (लोखंडी नको, ओरखडा उठतो), आणि एका बाजूने तिरपा पडणारा प्रकाश. उंची, रुंदी, कडेची जाडी आणि मध्याची जाडी अशी चार मापे लिहून काढा. कताना म्हणजे लांब तलवारीची त्सुबा बहुधा सात ते साडेआठ सेंटिमीटरची, वाकिझाशी या आखूड तलवारीची सहा-सातची, जाडी चार ते सहा मिलिमीटर. या मापांपासून वस्तू जितकी लांब, तितके कारण शोधायचे. नऊ-दहा सेंटिमीटर व्यास आणि जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी चकती दिसली तर तिच्याकडे आदराने पाहा. ती जुनी असण्याची शक्यता असते.

मापांनंतर मधले भोक. ते पाचरीसारखे असते. टोक धारेकडे, बूड पाठीकडे. टोक वर ठेवून मुठीकडची बाजू पाहिली की डावीकडे अर्धचंद्राकृती भोक सुरीचे आणि उजवीकडे मधे फुगवटा असलेले सळईचे. मधल्या भोकाच्या टोकाशी आणि बुडाशी तांब्याची छोटी पाचर ठोकलेली असते, तिला ‘सेकिगाने’ म्हणतात. त्सुबा एका तलवारीवरून दुसऱ्या तलवारीवर जाई. पाते सैल बसले की तांबे ठोकून भोक घट्ट करत, किंवा भोकाभोवती छिन्नीचे ठोके देऊन धातू आत सरकवत. त्यामुळे हे ठोके म्हणजे खराबी नव्हे, ती कामावर असल्याची नोंद आहे. भोकाभोवतीच्या लांबट गोल जागेत तांब्याच्या वॉशरचा ठसा उमटलेला असतो. तिथला रंग बाकीच्या पत्र्याहून वेगळा असतो. हे ठसे, ठोके, तांबे, काहीच नसेल तर एक तर ती कधी तलवारीवर चढलीच नाही, किंवा चढवण्यासाठी केलीच नव्हती.

बाजूची भोके नंतर पाडलेली असणे ही जुन्या त्सुबांची फार मोठी खूण आहे. नक्षीच्या फांदीला मधेच कापून भोक गेले असेल, भोकाच्या आतल्या भिंतीचा गंज बाकीपेक्षा ताजा दिसत असेल, तर चकती भोकांच्या आधीची. उलट काही वेळा नको असलेले भोक शिशाने किंवा शाकुदोने बुजवलेले असते. नवशिके अशी शिशाची डागडुजी पाहून किंमत पाडतात. जाणकाराला ती हवीशी वाटते.

यानंतर कड. लोखंडी त्सुबेत सगळ्यात जास्त बोलते ती कडच. बोट फिरवा, मग तिरप्या प्रकाशात भिंग धरा. पत्र्यात कर्ब कमी-अधिक असतो. मऊ भाग झिजतो, कठीण भाग उंच राहतो, आणि कडेला बारीक गाठी किंवा रेघांसारखे उंचवटे उरतात. जपानी याला ‘तेक्कोत्सु’ म्हणतात, म्हणजे लोखंडाची हाडे. ती चकाकतात, गुळगुळीत लागतात, आणि आजूबाजूच्या पत्र्यातूनच उगवल्यासारखी वाटतात. गंजाने उठलेले फोड मात्र खरखरीत, निस्तेज आणि नखाने टोकरले तर सुटणारे असतात. ही एक गोष्ट हाताला कळली की निम्मे काम झाले.

हाडे ठळक आणि चकती लहान पण जाड, तर विचार कानायामा धाटणीचा करायचा. नक्षी ठाम, डावी-उजवी सारखी, रेषा जाड, पृष्ठावर घणाचे ठोके राखलेले, तर ओवारी, म्हणजे आजच्या नागोयाचा परिसर. रेषा नाजूक, गोलाई हळुवार, पृष्ठ घोटून गुळगुळीत, तर क्योतोची जाळी. या तिन्ही धाटण्यांत आकृती उरते आणि भोवतालचे लोखंड कापून काढलेले असते. त्याहून जुन्या लोखंडी त्सुबांत उलटे असते: पत्रा भरलेला आणि त्यात एखादे छोटे चित्र, चंद्रकोर, चेरीचे फूल, विळा, चतुर, आरपार कापलेले. यांचे ‘तोशो’ (तलवार घडवणाऱ्यांच्या) आणि ‘कात्चुशी’ (चिलखत घडवणाऱ्यांच्या) असे दोन गट पाडतात. तोशोचा पत्रा सपाट, कड न उचललेली; कात्चुशीचा पातळ आणि कड उठवलेली. प्रत्येक तुकडा खरोखर त्याच कारागिराने केला असे मात्र समजू नये. ही नावे पुढच्या अभ्यासकांनी सोयीसाठी दिलेली आहेत, आणि या गटांतल्या चकत्यांवर सही नसते.

पितळेची जडण दिसली तर ‘ओनिन’ आणि ‘हेइआन्जो’ या दोन धाटण्यांची नावे आठवावीत. पहिले नाव १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धावरून. लोखंडात चर खोदून त्यात पितळ ठोकून बसवलेले असते, आणि इतक्या वर्षांत काही तुकडे गळून गेलेले असतात. गळलेली जागा भिंगाखाली घ्या. खरा चर तळाशी रुंद आणि वर अरुंद असतो, पितळ सुटू नये म्हणून. चराच्या भिंती गोलसर, तळ उथळ आणि आतला गंज नारिंगी असेल तर ‘जुनाट’ दिसण्यासाठी तुकडे मुद्दाम वगळले आहेत.

सोन्याच्या पातळ कामाची गोष्ट वेगळी. ‘नुनोमे’ पद्धतीत लोखंडावर छिन्नीने आडव्या-उभ्या बारीक रेघा मारतात आणि सोन्याचा वर्ख त्यावर ठोकून बसवतात. आपल्याकडची कोफ्तगिरी पाहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. सोने झिजले की खालची कापडासारखी वीण उघडी पडते. नुनोमेचा अर्थच कापडाची वीण. रंगाने सोनेरी केलेल्या नकलेत वीण नसते, आणि रंग उंचवट्यावर न राहता खळग्यांत साचलेला असतो.

याच जागी गोव्याचा उल्लेख करायला हवा, कारण तिथेच गफलत होते. वेलींचे एकमेकींखालून-वरून जाणारे गुंतागुंतीचे जाळे, रत्नासमोर तोंडे करून बसलेले दोन ड्रॅगन, मण्यांसारखी कड, मधली जागा कधी चौकोनी, आणि त्यावर नुनोमे सोने, अशा त्सुबांना ‘नंबान’ म्हणतात. नंबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी. जपान्यांनी पोर्तुगीजांना दिलेले नाव. गोव्याहून मलाक्का, मकाऊ करत पोर्तुगीज जहाजे नागासाकीला जात, आणि १६३९ मध्ये त्यांना जपानची दारे बंद झाली. म्हणून कुणी अशी चकती ‘पोर्तुगीज गोव्यात बनलेली, सोळावे शतक’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नये. नंबान हे शैलीचे नाव आहे, गावाचे किंवा शतकाचे नव्हे. चिनी आणि युरोपीय वस्तूंच्या वळणावर ही शैली जपानी कारागिरांनी एदो काळभर चालवली. पोर्तुगीज गेल्यानंतरच्याच नंबान त्सुबा जास्त आहेत.

एदो काळातल्या प्रांतोप्रांतीच्या धाटण्या सगळ्या सांगत बसत नाही, पण हिगोवर थांबल्याशिवाय राहवत नाही. हिगो म्हणजे आजचे कुमामोतो. होसोकावा तादाओकी (१५६३–१६४६) हा सरदार चहाच्या समारंभातला मोठा रसिक, आणि त्याच्या आश्रयाला हायाशी, हिराता, निशिगाकी, शिमिझु अशी चार घराणी वाढली. हिगोचे लोखंड हातात घेतल्यावर मखमलीसारखे लागते आणि रंग दाट, तपकिरी काळा असतो. जपानी त्याला लाल घेवड्याच्या ‘योकान’ वडीची उपमा देतात. सजावट थोडी, मोकळी जागा जास्त. बहुतेक कामांवर सही नाही, म्हणून इथे फक्त लोखंड आणि रेषा वाचता यायला हव्यात. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी आयुष्याच्या शेवटी याच कुमामोतोत होता (तो १६४५ मध्ये वारला) आणि दोन मोठ्या पोकळ्यांची ‘नामाको’ म्हणजे समुद्रकाकडीच्या आकाराची त्सुबा त्याच्या नावाशी जोडली जाते. त्या आकाराच्या नकला उदंड आहेत. आकार पाहून मुसाशीचे नाव घेणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलू नये.

एदो शहरातल्या (आजचे तोक्यो) आकासाका घराण्याची एक खूण मात्र सहज दिसते. त्यांचा पत्रा तीन थरांचा असतो, म्हणून जाळीच्या आतल्या भिंतीवर तिरपा प्रकाश टाकला तर कधी कधी थरांच्या रेघा उमटतात. ही रेघ आणि साच्याचा जोड यांत घोटाळा होऊ देऊ नये. थराची रेघ केसासारखी बारीक आणि सपाट असते. साच्याचा जोड किंचित उंच असतो, नखाला अडकतो, आणि सगळ्या भोकांत अगदी एकाच पातळीवर फिरतो.

नकली ओळखायचा खरा मुद्दा तोच आहे. घडीव त्सुबेची जाळी आधी भोक पाडून, मग तारेच्या करवतीने कापून, मग कानशीने घासून केलेली असते. आतल्या भिंतींवर कानशीच्या समांतर रेघा दिसतात, कोपरे टोकदार असतात, आणि वरच्या कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या असतात. ओतीव नकलेत कोपरे पहिल्यापासूनच गोल, भिंतीवर बारीक छिद्रे, आणि पृष्ठाचा पोत सगळीकडे एकसारखा, वाळूच्या कागदासारखा. हल्ली यंत्राने कापलेल्याही येतात. त्यांच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत सरळ, एकसारख्या उभ्या रेषा असतात. बोटावर लोंबकळत धरून लाकडी काडीने ठोकायची आणि नाद ऐकायचा ही जुनी चाचणी आहे. घडीव लोखंड स्वच्छ वाजते, ओतीव बद्द वाजते. पण भोके शिशाने बुजवलेली असतील तर चांगल्या त्सुबेचाही नाद मरतो, म्हणून एवढ्या एकाच गोष्टीवर भिस्त ठेवू नये.

आता सही. नवे संग्राहक तिच्यापासून सुरुवात करतात, आणि पैसे तिथेच बुडतात. ‘सोहेइशी न्युदो सोतेन’ ही सही घ्या. सोतेन हा बिवा सरोवराकाठच्या हिकोनेचा; आरपार कोरलेले योद्धे, झाडे, चेहऱ्यांना सोने, ही त्याची तऱ्हा. ती इतकी खपली की आइझुसारख्या दूरच्या ठिकाणीही तशी कामे त्याच सहीने झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! कामाचा दर्जा पाहा. सही त्यात भर घालत नाही. नोबुइए या जुन्या त्सुबा-कारागिराच्या सहीत अक्षरे सुटी असलेली आणि अक्षरे जाड असलेली अशी दोन वळणे अभ्यासक मानतात, आणि खोट्या सह्या या दोन्ही वळणांच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ओवारीच्या नोरिसुकेसारखे कसबी कारागीर नोबुइए आणि यामाकिचिबेइ यांच्या जुन्या कामांच्या उत्तम प्रतिकृती करत. त्या स्वतःच आज मोलाच्या आहेत, पण दोन-अडीचशे वर्षे उशिराच्या आहेत. सहीचा खोदलेला चर भिंगाखाली पाहावा. चराच्या आतला गंज पत्र्याच्या गंजाशी जुळला पाहिजे, आणि चराच्या काठाशी उठलेला धातू झिजून बसलेला हवा. काठ अजून धारदार लागत असेल तर सही पत्र्यापेक्षा तरुण आहे.

२८ मार्च १८७६ च्या फर्मानाने सामान्य सामुराईंना तलवार बाळगायला मनाई झाली. तलवारीचा साज करणाऱ्या हातांना काम उरले नाही, आणि तेच हात निर्यातीच्या वस्तूंकडे वळले. कानो नात्सुओसारख्या (१८२८–१८९८) थोर कोरक्याने नव्या सरकारच्या नाण्यांचे नमुने केले. योकोहामा बंदरातून परदेशी गिऱ्हाइकांसाठी मोठ्या, भडक, अनेक धातूंनी मढवलेल्या त्सुबाही गेल्या. त्यांत काही अप्रतिम आहेत. पण तलवारीवर चढल्याचे ठसे त्यांच्यावर नसतात, आणि त्या ‘युद्धात वापरलेल्या’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

कळकळीची एक विनंती सगळ्या वाचकांना. घरात किंवा जुन्या बाजारात त्सुबा सापडली तर ती घासू नका. तांब्याच्या भांड्याला चिंच लावायची आपली सवय इथे घात करते. शाकुदोची काळी झाक केसाहूनही कितीतरी पातळ असते. चिंच, लिंबू, पितांबरी किंवा धातू चकचकीत करणारे कोणतेही मलम दोन मिनिटे लावले की काळी जमीन तांबूस होते, आणि ती पूर्ववत करणे घरचे काम नाही. लोखंडावर तारेचा ब्रश आणि गंज घालवणारी रसायने तितकीच वाईट. गंज काळा-तपकिरी आणि घट्ट असेल तर त्याला हात लावू नका, तोच त्सुबेचा रंग आहे. भुकटी सुटणारा नारिंगी गंज असेल तर हाडाच्या किंवा शिंगाच्या बोथट तुकड्याने फक्त तेवढ्याच जागी हळूहळू टोकरा आणि धुतलेल्या मऊ सुती कापडाने रोज पुसत राहा. हे काम दिवसांचे नाही, महिन्यांचे आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चकती उघडी ठेवू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडूही नका. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या दर पंधरवड्याला बदला.

जपानहून वस्तू घेताना तोक्योच्या ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ’ या १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. ‘होझोन’ आणि त्यावरचे ‘तोकुबेत्सु होझोन’ या दोन श्रेणी बाजारात नेहमी दिसतात. कागदावर धाटणीचे नाव असते, किंमत नसते. १९८२ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या कागदांवर आज जाणकार डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. इथली वस्तू तपासणीसाठी तिकडे पाठवायची असेल तर मात्र आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि पार्सल सीमाशुल्कात अडकल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

डोळा तयार करायला मात्र परदेशी जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या जपानी कलावस्तू आहेत. त्यांतल्या धातूच्या कामासमोर अर्धा तास उभे राहिले तरी कोरीव आणि ओतीव यांतला फरक नजरेत बसू लागतो.

आपल्या छायाचित्राखालची ओळ पुढील अंकात दुरुस्त करावी. आमच्या मते ती अशी हवी: ‘त्सुबा (तलवारीच्या मुठीपुढची चकती), जपान, शाकुदो धातू, नानाको जमीन, सोन्याचे उठाव, गोतो धाटणी, एदो काळ, १६०३–१८६८’. मागच्या बाजूचे आणि कडेचे छायाचित्र उपलब्ध असेल तर तेही छापावे. त्यावरून काळ आणखी थोडा आवळता येईल.

आपले,
जुन्या धातुकामाचे दोन अभ्यासक, पुणे